पांढरी पाच

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत शांतता रात्री साडेअकरानंतर मिळते. वरच्या मजल्यावरचं खुर्च्या ओढणं थांबतं, खालचा कुकर निजतो, आणि मी माझा व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प्लिफायर लावतो. व्हॉल्व्ह म्हणजे त्या काचेच्या नळ्या. फ्लेमिंगने 1904 साली पहिली बनवली, पुढे ट्रान्झिस्टरने त्यांची सद्दी संपवली, आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर मी ती वस्तू सेकंडहँड, अठरा हजार मोजून घरी आणली.

"तुझ्या बाबांनी असल्याच व्हॉल्व्हचा रेडिओ भंगारवाल्याला फुकट दिला होता," आई म्हणाली. "शिवाय घेऊन जायला दहा रुपये दिले."

पहिल्या रात्री नळ्या तापल्या, आतली तार नारिंगी झाली, मी डोळे मिटले. आणि कानात एक भुंगा येऊन बसला. हूंऽऽऽ. गाणं सुरू झालं तरी तो हलेना. गाणं संपलं, तरी तो आपला बसूनच.

आईच्या कानाला हेडफोन लावला. तिने चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली आहे. दोन सेकंदांत निकाल: "पांढरी पाच. किंचित चढी. पण फार खालची रे, पेटीत नाही सापडायची."

पांढरी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. मी हसलो. मग हिशेब केला आणि हसू मावळलं. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, आणि खालच्या पांढरी पाचची कंपनं 49. म्हणजे मला आमच्या बेडरूमच्या भिंतीतली वीज ऐकू येत होती. आईने आणखीही एक गोष्ट सांगून टाकली होती, ती माझ्या लक्षात आली नाही. ॲम्पमधले फिल्टरचे कपॅसिटर, म्हणजे आतल्या विजेचे हेलकावे सपाट करणारे भाग, थकले असते, तर भुंगा 100 वर, म्हणजे एक सप्तक वर गायला असता. ते मला कपॅसिटर विकत घेतल्यावर कळलं.

ते घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. ठाण्याहून दादर, तिथे पूल ओलांडून ग्रँट रोडची गाडी. दुकानदाराने एका जुन्या डब्यातून व्हॉल्व्हची जोडीही काढली आणि ती मी लग्नातल्या शालूसारखी उजेडात धरून पाहिली. घरी येऊन नळ्या बदलल्या. भुंगा जिथल्या तिथे. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे केली. भुंगा दोन्ही कानांत समसमान. याबाबतीत तो अत्यंत निःपक्षपाती होता.

मग खोका उघडायचं ठरवलं. ॲम्प बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोनशेहून जास्त व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, म्हणून जाणकार सांगतात की एक हात कायम खिशात ठेवा. माझ्या लेंग्याला खिसाच नाही. शेवटी डावा हात पाठीमागे धरून, भाषणाला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यासारखा मी वाकलो, आणि बायको लाकडी लाटणं घेऊन शेजारी उभी राहिली.

"हे तुम्हाला सोडवायला," ती म्हणाली. "सध्या तरी."

आत सगळं ठीकठाक होतं. मी झाकण लावलं, हेडफोन घातला, आणि वैतागून ॲम्पच्या पत्र्यावर हात ठेवला.

भुंगा थांबला.

हात उचलला, आला. ठेवला, गेला. पुढचे पंधरा दिवस मी एक बोट ॲम्पवर टेकवून गाणं ऐकलं. मान डोलवायची मुभा होती, दाद द्यायला हात उचलायची नव्हती. समेवर हात उठायचा आणि नेमका तिथे भुंगा शिरायचा. "गाणं ऐकताय की त्याला ताप आलाय का बघताय?" बायकोने विचारलं.

गाणी मी ॲम्पला जोडलेल्या लॅपटॉपवरून लावायचो. मुलीने एकदा स्वतःचा फोन चार्ज करायला त्याचा चार्जर उपटला आणि भुंगा अर्धमेला झाला. तेव्हा आठवलं की चार्जर लावलेल्या त्या लॅपटॉपला हात लागला की झिणझिण्या येतात. गेली तीन वर्षं. मी ते थंडीवर ढकलत होतो. ठाण्यातल्या थंडीवर!

कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने भिंतीवरचा बोर्ड खोलला. आत धूळ, पालीचं एक वाळलेलं अंडं, आणि हिरवी वायर. कोणे एके काळी कुणीतरी ती कापून, टोकाला गाठ मारून, बोर्डाच्या मागे नीट घडी करून ठेवली होती.

"काका, तिसरं भोक शोभेचं आहे."

आधी मला ते 'काका' लागलं. मग बाकीचं. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती केबलमधून ॲम्पमध्ये शिरत होती. मी बोट टेकवलं की तिची वाट माझ्यातून होती. पंधरा दिवस या घराचं अर्थिंग मीच होतो. आणि ॲम्पमधली एखादी वायर सुटून पत्र्याला लागली असती, तर बाकीचे व्होल्टही याच वाटेने गेले असते. मी खाली बसलो. बायकोने लाटणं आणून टेबलावर ठेवलं, काही बोलली नाही.

त्याने मेन बोर्डापासून नवी हिरवी वायर ओढली, टेस्ट लॅम्प लावून दाखवला आणि साडेसहाशे रुपये घेतले.

त्या रात्री आईला मान दिला. इमारतीच्या गणपतीत तिने गायलेल्या भजनाची जुनी कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. ती लावली, हेडफोनचा एक कान तिला, एक मला. नळ्या तापल्या.

हूंऽऽऽ.

माझं बोट सवयीने पत्र्यावर गेलं. भुंगा थांबेना. दुसरा हात ठेवला. घाम फुटला.

"अरे, मंडपातला लाउडस्पीकर आहे तो," आई म्हणाली. "रात्रभर तसाच घुमत होता मेला. म्हणून तर मी काळी चार सोडून पांढरी पाच धरली. आता गप्प बस, माझा अंतरा येतोय."