पोकर स्पर्धेतून बाद होऊ इच्छिणाऱ्या लेखकांसाठी

लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या पत्त्यांच्या महोत्सवातील मुख्य स्पर्धेत उतरायचे ठरवले असेल, तर आधी वृत्तान्ताचा मसुदा तयार ठेवावा, खेळ नंतरही शिकता येतो. प्रवेशशुल्क १०,००० डॉलर आहे आणि शंभरातील सुमारे ८५ जणांना त्यातले काहीही परत मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांच्या पदरात पडते ते लेखनच.

वृत्तान्तात ख्रिस मनीमेकर हवाच. टेनेसीच्या या हिशेबनिसाने ऑनलाइन पात्रता फेरीतून किरकोळ शुल्कात प्रवेश मिळवला आणि २००३ साली २५ लाख डॉलर जिंकले. तेव्हा स्पर्धक ८३९ होते, २०२४ साली १०,११२ झाले, आणि भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, हे तपशील वाचकाचा विरस करतात, ते गाळावेत.

आता मुख्य प्रसंग. आपल्या हाती दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, आणि दोघांच्याही सगळ्या चिप्स, म्हणजे पैज लावायच्या चकत्या, मध्यभागी. असे एक्के पाचांपैकी सुमारे चार वेळा जिंकतात. जिंकल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मानेची शीर कशी उडत होती आणि ती आपण कशी टिपली, यावर दोन परिच्छेद लिहावेत. टेबलावरचा शेवटचा सामाईक पत्ता राजा निघाला आणि समोरच्याचे तीन राजे होऊन आपण हरलो, तर मात्र गणित, नियती आणि पत्ते वाटणाऱ्याचा हात यांना क्रमाने दोष द्यावा. तासभर आधी नव्वा-चौकी अशी टाकाऊ पाने घेऊन केवळ हट्टाने निम्म्या चिप्स घालवल्या होत्या, याचा प्रसंगाशी संबंध नाही. (तो डाव पाहणारे टेबलावरील इतर आठ जणही आपापले वृत्तान्त लिहिण्यात गुंतलेले असतात, तेव्हा निर्धास्त असावे.)

१९७० साली पहिल्या स्पर्धेचा विजेता, जॉनी मॉस, सहखेळाडूंच्या मतदानाने ठरला होता. पुढच्याच वर्षी चिप्स संपेपर्यंत खेळण्याची रूक्ष पद्धत आली आणि मतापेक्षा निकालाला महत्त्व प्राप्त झाले. आपल्या वृत्तान्तात जुनी पद्धत पुन्हा सुरू करावी, मतदार मात्र एकच ठेवावा.

नजरचुकीने बक्षीस मिळालेच, तर ते बहुधा १५,००० डॉलरचे, म्हणजे सर्वांत खालचे असेल. मथळ्यात पूर्ण आकडा छापावा. विमानभाडे, हॉटेल आणि प्रवेशशुल्क यांची वजावट न देता अशा कमाईवर ३० टक्के दराने कर घेणाऱ्या भारतीय आयकर कायद्याचा उल्लेख कोठेही करू नये, निदान विवरणपत्र भरेपर्यंत तरी.