ब्रुनप्पाच्या हिरड्या

मे महिन्यातली संध्याकाळ, सव्वासात वाजलेले. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मी उकिडवा बसून डांबरी रस्त्यावर पालथा हात टेकवला होता आणि मनातल्या मनात आकडे मोजत होतो. समोरचे काका गच्चीवरून बघत होते. चार आकड्यांपर्यंत त्यांनी धीर धरला.

"काय हुडकायलाव ओ?"

"काही नाही काका. रस्ता तापलाय का बघतो."

"मे महिन्यात?" थोडं थांबून, "सोलापुरात?"

एवढं बोलून ते आत गेले. आतून "त्यांच्या मिसेसला एक फोन लाव गं" असं ऐकू आलं.

पालथा हात सात सेकंद रस्त्यावर टेकवता येत नसेल, तर कुत्र्याला त्या रस्त्यावर न्यायचं नाही, हा हिशेब मला आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांनी घातलाय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांतून येतो, बाकी सगळा कारभार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यात आमचं ध्यान लॅब्रॅडॉर. ह्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर बर्फासारख्या पाण्यात उड्या मारून कोळ्यांची जाळी ओढायचे. वंशज जुळे सोलापुरात ४३ अंशांत, कूलरसमोर, चारी पाय चार दिशांना टाकून पडलेला असतो. खानदान असं उतरणीला लागतं.

मुलीने त्याचं नाव ब्रूनो ठेवलं. माझी आई अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी त्याचा ब्रुनप्पा केला. तो दोन्ही नावांना येतो, पण ब्रुनप्पाला लवकर येतो, कारण त्या हाकेमागे बहुतेक वेळा भाकरी असते.

मला कुत्र्यातलं काही कळत नव्हतं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. माणूस असो, माल असो, कागद बोलतो एवढंच मला माहीत. कुत्र्याचा त्रास असा, की ते बोलत नाही आणि त्याचा कागदही नसतो. दुखलं तरी शेपूट हलवतं. म्हणजे तुमच्या घरात एक असा इसम राहतो, ज्याला काय होतंय ते तुम्हीच त्याच्या वतीने ओळखायचं.

पहिला ताप आम्हीच आणला. ब्रुनप्पाने एका संध्याकाळी भाकरी सोडली. आमच्या घरात ही बातमी सिद्धेश्वर तलाव आटल्यासारखी पसरली. आईने नाकाला हात लावला. "कोरडं आहे. ताप आलाय ह्याला." (नाक ओलं-कोरडं दिवसभर बदलत असतं, त्यावरून ताप ठरत नाही, हे नंतर कळलं. त्या वेळी आईचा हात हाच घरातला सिव्हिल सर्जन होता.) थर्मामीटर काढला. कुत्र्याचा ताप कुठून बघतात हे वाचल्यावर घरात बराच वेळ शांतता पसरली. शेवटी बायको डोक्याकडे, मुलगी शेपटीकडे आणि मी, टोकाला व्हॅसलीन लावून, नेमून दिलेल्या जागी. ब्रुनप्पाने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की वीस वर्षांच्या नोकरीत मालकानेही कधी तसं बघितलं नाही.

१०१.८.

बायको "अगं बाई" म्हणाली. आई देवघराच्या फडताळातून पॅरासिटामॉलची पट्टी घेऊन आली, अर्धी की पाव एवढाच वाद उरला होता. नशीब, की मी आधी डॉक्टरांना फोन केला.

"ओ सर, ती गोळी आधी खाली ठेवा," डॉक्टर म्हणाले. "१०१ ते १०२.५ हा कुत्र्याचा नॉर्मल ताप असतो. ताप म्हणजे, नॉर्मल. आणि माणसाच्या गोळ्या त्याला देत जाऊ नका. पॅरासिटामॉलने लिव्हर जाईल आणि दुखायच्या गोळीने पोटात अल्सर होऊन किडनी बसेल. ताप नसताना औषधाने मारू नका हो त्याला."

भाकरी का सोडली ते रात्री कळलं. समोरच्या काकूंनी कडक भाकरीचा गठ्ठा गच्चीवर वाळवत ठेवला होता. तो आता तिथे नव्हता.

त्या थर्मामीटरला मी लाल दोरा बांधला, म्हणजे घरातल्या दुसऱ्या थर्मामीटरशी गल्लत नको. हा दोरा लक्षात ठेवा.

या फजितीमुळे खरा आजार आला तेव्हा मी शहाण्यासारखा गप्प बसलो. मे महिना होता. ब्रुनप्पा सुस्त पडायला लागला. मी म्हटलं, ऊन आहे. खाणं कमी झालं. म्हटलं, कुणाची तरी भाकरी असेल. तिसऱ्या दिवशी फरशीवर त्याच्या नाकाखाली रक्ताचा एक थेंब दिसला, आणि लाल दोऱ्याचा थर्मामीटर १०४ म्हणाला.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघितलं होतं का?"

हिरड्या. गुलाबी असायला पाहिजेत, त्या जुन्या पंच्यासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. निरोगी हिरडीवर बोट दाबून सोडलं की तिथे पांढरा डाग पडतो आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. ब्रुनप्पाचा रंग काही केल्या येईना. रक्त तपासलं. प्लेटलेट कमी. "गोचिडाचा ताप," डॉक्टर म्हणाले. गोचीड रक्त पिताना एक जंतू सोडतं, तो पांढऱ्या पेशींत घर करतो. वेळेत धरला तर गोळीने जातो, दुर्लक्ष केलं तर कुत्रं जातं.

"लसीकरणाचं बुक आणलंय?"

या प्रश्नाची मी तीन वर्षं वाट बघत होतो. बुक मी पिशवीतून असं काढलं, जसं ऑडिटरपुढे खतावणी ठेवावी. पिल्लू असताना पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, एकही तारीख चुकलेली नाही. रेबीजची पहिली तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. (आईच्या मामाला लहानपणी कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती त्यांनी, आणि ती गोष्ट त्यांनी चौदा हजार वेळा सांगितली. त्यामुळे रेबीजच्या बाबतीत आमच्या घरात हयगय चालत नाही.) जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. डॉक्टर पानं उलटत गेले, मी कौतुकाची वाट बघत राहिलो. एका पानावर ते थांबले.

"गोचिडाच्या औषधाचा रकाना एप्रिलपासून कोरा आहे."

होता. मानेवर टाकायचे ते थेंब महिन्याला एकदा असतात आणि स्वस्त नसतात. एप्रिलमध्ये अंगावर एकही गोचीड दिसत नव्हतं, म्हणून मी ती बचत दाखवली होती. महिनाभराच्या थेंबांचे पैसे वाचवून मी तपासण्या, सलाईन आणि औषधांची जी रक्कम भरली, ती कारखान्याच्या वहीत मला कुणी दाखवली असती तर मी त्याला कामावरून काढलं असतं.

मग युद्ध सुरू झालं. मी चिमटा, बॅटरी आणि स्पिरिटची बाटली घेऊन बसलो. आईचं म्हणणं रॉकेल चोळावं. डॉक्टर म्हणाले होते, कातडी भाजेल आणि चाटलं तर पोटात जाईल. चिमटा कातडीलगत धरायचा, सरळ ओढायचं, बोटांनी चिरडायचं नाही, बाटलीत टाकायचं. कानाच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, शेपटीची मुळं, काखा. पहिल्या रात्री ४१. रक्त पिऊन फुगलेली मादी हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. उगीच नाही, लॅटिनमध्ये गोचिडाला रिसिनस म्हणतात आणि एरंडाच्या झाडालाही शास्त्रज्ञांनी तेच नाव दिलंय. ही माहिती मी जेवताना सांगितली, तेव्हापासून मला वेगळं वाढतात.

पण कुत्र्याच्या अंगावर असतात ते फक्त पाहुणे. फुगलेली मादी खाली उतरून भिंतीच्या भेगेत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्रं साफ करून भागत नाही, घर साफ करावं लागतं. भेगा बुजवा, अंथरूण उकळत्या पाण्यात, फरशी रोज धुवा, कुत्र्याला औषधी शाम्पूने आंघोळ. हे सगळं बरोबर आहे. फक्त आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे आधी पिंपं भरतात, मग माणसं आंघोळ करतात. त्या महिन्यात क्रम बदलला. आधी ब्रुनप्पा, मग त्याचं अंथरूण, मग त्याची भिंत. उरलेल्या पाण्यात मी ऑफिसला जात होतो.

खरी परीक्षा गोळीची. डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस. भाकरीच्या घासात घालून दिली. घास गेला, गोळी फरशीवर, स्वच्छ, जणू इस्त्री करून ठेवलेली. पेढ्यात घालायचं ठरवलं, तर डॉक्टर म्हणाले, दूध-दही-पेढा नको, त्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगाला लागत नाही.

"मग शेंगा चटणी लावून?"

"लसूण असतो ओ त्यात!"

आणि मग त्यांनी यादी सांगितली. लसूण आणि कांदा, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, आणि त्रास दिसायला काही दिवस जातात. द्राक्षं आणि बेदाणे, थोडे खाल्ले तरी किडनीवर येऊ शकतं. चॉकलेट तर नाहीच. आता बघा, शेंगा चटणी आमची, कांद्याने भरलेलं मार्केट यार्ड आमचं, पंढरपूरचा बेदाणा आमच्याच जिल्ह्याचा. जिथे जिथे सोलापूरचं नाव आहे तिथे तिथे ह्याला बंदी.

"मग हे सोलापुरात जन्माला आलं कशाला?" आई म्हणाली.

"भाकरी चालते," मी म्हटलं. आईचा जीव भांड्यात पडला, ब्रुनप्पाने कान टवकारले.

शेवटी डॉक्टरांनी उकडलेलं अंडं सुचवलं. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा हळू बोलतात. पहिले तीन दिवस मी ते समोरच्या काकूंकडून उकडून आणलं, रुमालात गुंडाळून, कुणी बघत नाही असं बघून. चौथ्या दिवशी काकू गावाला गेल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आईने माझ्याकडे बघितलं, ब्रुनप्पाकडे बघितलं, चहाचं जुनं, कान तुटलेलं भांडं काढलं आणि म्हणाली, "औषध आहे ते. औषधाला जात नसते." सहाव्या दिवशी ती स्वतः अंडं सोलत होती. बलकात गोळी बसवायला तिच्यासारखं कुणालाच जमलं नाही; पुरणपोळी भरणारा हात तो. गोळी घशात अडकू नये म्हणून वरून पाणी पाजायचं कामही तिनेच घेतलं. अठ्ठाविसाव्या दिवशी भांडं घासून ती म्हणाली, "हे आता त्याचंच."

मी वही सुरू केली. तारीख, ताप, हिरडी, पाणी किती प्यायला, शी कशी. "सकाळ: एकदा, घट्ट. संध्याकाळ: एकदा, समाधानकारक." मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, लगेच खाली बसली तर अंगात पाणी आहे, तंबूसारखी उभी राहिली तर कमी पडलंय. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला नाही. दुपारी कारखान्यातले नाकारलेले टॉवेल ओले करून त्याच्या खाली अंथरायचे. अंगावर पांघरायचे नाहीत, आत उष्णता कोंडते. ऊन लागलंच तर साधं पाणी आणि पंखा, बर्फ नाही, आणि सरळ दवाखाना. बायको एकदा ती वही चाळत होती. म्हणाली, "माझी शुगर कधी तपासली होती, आठवतंय?" मी म्हटलं, बघतो. वहीत नव्हतं.

ब्रुनप्पा बरा झाला. हिरड्या परत गुलाबी झाल्या, समोरच्या गच्चीवरून परत भाकऱ्या जायला लागल्या.

जूनमध्ये माझा मेहुणा बार्शीहून आला. येताना अर्धं पोतं कांदा घेऊन आला, तो मी आल्या आल्या माळ्यावर टाकला, त्याला वाटलं मी रागावलोय. रात्री त्याला कणकण वाटायला लागली. बायकोने कपाटातून थर्मामीटर आणून दिला. मी बाहेरच्या खोलीत ब्रुनप्पाच्या हिरडीवर बोट दाबून सेकंद मोजत होतो. त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये लाल दोरा होता, चघळून चघळून सुताचा झालेला.

मी आत गेलो तोवर मेहुण्याने तोंडातून थर्मामीटर काढून दिव्याकडे धरला होता.

"दाजी," तो खोल आवाजात म्हणाला, "एकशे एक पॉइंट पाच."

"मग नॉर्मलच आहे की," मी म्हटलं, आणि त्याचा ओठ वर करून बघितला.