कोच बदला, पण आत्ता नको

डोंबिवलीत राहून डेन्व्हर नगेट्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाच्या मॅच बघायच्या म्हणजे आपल्या सकाळचं वेळापत्रक सातासमुद्रापार कुणाच्या तरी हातात देऊन टाकायचं. तिकडे रात्रीची मॅच सुरू होते तेव्हा आमच्याकडे कुकर चढलेला असतो. पहिला क्वार्टर चहाबरोबर, दुसरा दाढी करताना, मध्यंतरात डबा भरायचा. आणि शेवटची पाच मिनिटं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती फलाटावर धक्के खात, कुणाच्या तरी काखेखालून.

आंघोळीची वेळ मात्र मी कोचवर सोपवली होती. कोच मायकेल मलोन. आमचा हुकमी खेळाडू निकोला योकिच याला त्यांनी बाकावर बसवलं की मी टॉवेल उचलायचो. कारण योकिच बाहेर असताना आमचा संघ जे काही खेळतो, ते घरच्यांसमोर बघवत नाही. बारा गुणांची आघाडी टाकून न्हाणीघरात शिरावं आणि डोकं पुसत बाहेर यावं, तो तीन गुणांनी मागे. २०२४-२५च्या मोसमात तर मी केसांना साबण लावायचंसुद्धा सोडून दिलं.

बाबांना बास्केटबॉलमध्ये काडीचा रस नाही, पण योकिच त्यांना ठाऊक आहे. "हा उडीच मारत नाही! मग घेतला कशाला?" उडी न मारता या माणसाने त्या मोसमात सामन्यामागे सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि १०.२ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) काढले, हे मी त्यांना तीनदा समजावलं. त्यावर "बरं, पण उडी का मारत नाही?" असंच उत्तर आलं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, कळसूबाईहून शंभरेक फूटच कमी, तिथे पाहुण्या संघांना धाप लागते, ही माहिती मात्र त्यांना पटली. तरुणपणी कळसूबाई चढताना त्यांनाही लागली होती.

तर गोष्ट एप्रिल २०२५ची. मोसम संपत आलेला, प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, कोण कितव्या नंबरवर याची मारामारी चाललेली. समोर मिनेसोटा टिंबरवुल्व्ज. आदल्या मे महिन्यात सातव्या सामन्यात वीस गुणांची आघाडी आमच्याकडून काढून घेऊन आम्हाला घरी बसवणारे हेच ते. आमचा जमाल मरे दुखापतीमुळे बाहेर. योकिचने त्या दिवशी ६१ गुण केले, शिवाय १० रिबाउंड आणि १० असिस्ट. ट्रिपल-डबल करताना, म्हणजे तिन्हींत दोन आकडी मजल मारताना, इतके गुण तोवर एनबीए या लीगमध्ये कुणीच केले नव्हते. मॅच दोनदा जादा वेळात गेली आणि माझी गाडीही एकापाठोपाठ एक सुटत गेली.

दुसऱ्या जादा वेळाचे शेवटचे काही सेकंद. आम्ही एका गुणाने पुढे. आमचा रसेल वेस्टब्रुक बॉल हिसकावतो. समोर मोकळं मैदान. बॉल हातात धरून नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं. फाउल झाला असता, एकेका गुणाचे फ्री थ्रो मिळाले असते. पण उभं राहणं त्याच्या रक्तात नाही. धावला, आणि ज्या ले-अपला, म्हणजे बास्केटजवळच्या सोप्या फटक्याला, शाळेतली मुलं चुकत नाहीत तो चुकला. बरं, चुकला तर चुकला. मागे धावत जाऊन त्याने थ्री, म्हणजे तीन गुणांचा लांबचा फटका, मारणाऱ्या त्यांच्या अलेक्झांडर-वॉकरवर फाउल केला. घड्याळात ०.१ सेकंद. तीन फ्री थ्रो, दोन आत. १४०-१३९.

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात, तो असा. गाडीच्या दारातली एक बाई माझा चेहरा बघून म्हणाली, "घरी सगळं ठीक ना?"

आता वेस्टब्रुक म्हणजे २०१७चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), मोठा खेळाडू, त्याच्यामुळे जिंकलेल्याही मॅच आहेत, सगळं मान्य. पण तेव्हा वय ३६, आणि अटीतटीच्या वेळी तो काय करेल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. मलोन यांचा भरवसा मात्र जुन्याजाणत्यांवर. पोरांना खेळवा, असं जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ यांचं म्हणणं. दोघांचं पटत नव्हतं हे जगजाहीर होतं. मी पूर्णपणे बूथ यांच्या बाजूचा. कोच बदला, असं मी हिवाळाभर भेटेल त्याला सांगत होतो. सॅन अँटोनियोकडून हरलो, गोल्डन स्टेटकडून हरलो, इंडियानाकडून हरलो, तेव्हा तर वॉचमनलाही सांगितलं.

आणि ८ एप्रिलला खरंच बदलला की! अवघ्या तीन मॅच उरल्या असताना. दहा वर्षं संघ सांभाळलेला, २०२३मध्ये पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. सोबत बूथही घरी. भांडण मिटवायची ही आमच्या आजीची पद्धत: खेळणं कुणाचं ते विचारायचंच नाही, दोघांनाही घराबाहेर. मेम्फिसने आपला कोच नऊ मॅच उरल्या असताना काढला होता तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता मला एकदम मलोन यांचा पुळका आला. "ही काय वेळ आहे?" मी ओरडलो. बाबा म्हणाले, "तूच मागे लागला होतास ना?" मागे लागलो होतो, पण चाहत्याने मागे लागायचं असतं आणि मालकाने दुर्लक्ष करायचं असतं, असा आपला साधा व्यवहार आहे. इथे मालकाने ऐकलं!

सहायक डेव्हिड अ‍ॅडलमन यांच्या हाती संघ आला. तिन्ही मॅच जिंकल्या. पन्नास विजय, पश्चिम विभागात चौथा नंबर. तक्रारीला जागाच ठेवली नाही, हा आणखी एक मनस्ताप.

मग प्लेऑफची पहिली मॅच, क्लिपर्सविरुद्ध, आपल्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटून गेलेली. अटीतटीची वेळ, आणि मैदानावर कोण? वेस्टब्रुक! कोच नवा, माणूस तोच. मी कपाळावर हात मारला. चोवीस सेकंद उरलेले, कोपऱ्यातून त्याने थ्री मारला आणि तो गेला की आत! आम्ही पुढे. मी अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावर दिवा लागला.

बाबा डोळे चोळत बाहेर आले. "आता कुणाला काढलं?"