ज्यांना फोनवर ऐकू येत नाही, त्यांनी आपली ओळख पटवायची कशी?

आज मनस्वी संताप झाला आहे. बाबांचे बँकेचे कार्ड बंद पडले, म्हणून ग्राहक सेवेला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येते, यंत्र लावूनही फोनवरचे बोलणे उमगत नाही, हे मी आधीच सांगितले. तरी "खातेदाराशीच बोलावे लागेल" हेच उत्तर मिळाले. मी प्रत्येक प्रश्न कागदावर लिहून दाखवू लागले आणि बाबा स्वतःच्या आवाजात उत्तरे देऊ लागले, तेव्हा "मागून कोणीतरी सांगते आहे" असे म्हणून फोन ठेवला गेला.

"त्यांना जरा मोठ्याने सांगा" हा सल्लाही मिळाला होता. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात, आणि साधा फोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला आवाज पोहोचवतो. 'स'चा बराचसा भाग त्याच्या वरच राहतो. मग 'सात' म्हटलेले 'आठ' वाटते, आणि ओरडून सांगितले तरी 'आठ'च वाटते. समोर माणूस असला की बाबा ओठांकडे पाहून सावरून घेतात, फोनवर तोही आधार नाही.

फसवणूक होते, पडताळणी हवीच, हे मान्य. फोन उचलणाऱ्या मुलीच्या हातात नियम बदलणे नाही, हेही मान्य. पण जो नियम ऐकू न येणाऱ्याला स्वतःच्याच पैशांपाशी परका ठरवतो, तो लिहिणाऱ्यांना अशी माणसे असतात हे सुचलेच नाही का? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रवणदोषामुळे उपचार-साहाय्याची गरज असलेले लोक जगात ४३ कोटींहून अधिक आहेत. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच टंकलिखित मजकूर टेलिफोनच्या तारेवरून पाठवून दाखवला होता. आज तर बोलणे चालू असताना अक्षरे पडद्यावर उमटतात. अडचण तंत्राची उरलेलीच नाही.

फोन कापला गेल्यावर बाबा काही बोलले नाहीत. आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः पाहिलेल्या या माणसाने कागदाची नीट घडी घातली आणि "यापुढे तूच बघत जा" एवढेच म्हटले. मला ते बघायचे नाही. त्यांचे व्यवहार त्यांनाच करता यायला हवेत.

तुमच्यापैकी जे अशा सेवांमध्ये अधिकाराच्या जागी आहेत, त्यांना विनंती आहे: पडताळणी लिहून करण्याची सोय ठेवा, ती यंत्राने नव्हे तर माणसाने सांभाळावी, आणि ग्राहकाची ही गरज खात्यावर एकदाच नोंदवून घ्या, म्हणजे दर वेळी बहिरेपण सिद्ध करत बसावे लागणार नाही.