टेक्सासचं पिस्तूल टेक्सासातच

टेक्सासात पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, हे खरं. १ सप्टेंबर २०२१ पासून वयाची २१ वर्षं पूर्ण झालेला आणि कायद्याने बंदी नसलेला कुणीही ते कमरेला लावून फिरू शकतो. पण या वाक्यातला कळीचा शब्द ‘टेक्सासात’ हा आहे, आणि अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर नेमका तोच गळतो.

टेक्सासात दुकानात केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयकडून पडताळणी करून घेतो, बहुतेकांचं काम काही मिनिटांत होतं. न्यू जर्सीत आधी गावच्या पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळख देणारे दोघे, मग खरेदीचं कार्ड. शिवाय प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट, तेही ९० दिवसांचं, आणि ३० दिवसांत एकच पिस्तूल. एवढं करून ते घरात ठेवता येतं, इतकंच! सोबत बाळगायचं तर निराळा परवाना: ओळख देणारे चौघे, २०० डॉलर फी, नेमबाजीची चाचणी, दर दोन वर्षांनी नूतनीकरण.

मला हा कडकपणा खुपत नाही. खुपते ती राज्याची हद्द. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही, आणि विनापरवाना पिस्तुलाला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे. त्यातले किमान ४२ महिने पॅरोलही नाही. २०१३ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या एका आईला न्यू जर्सीत पोलिसांनी गाडी थांबवून अडवलं, तेव्हा तिने स्वतःहून पिस्तूल असल्याचं सांगितलं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना तिच्याकडे होता. तरीही खटला उभा राहिला; २०१५ मध्ये गव्हर्नरनी माफी दिली तेव्हा कुठे प्रकरण संपलं.

‘आपण फक्त राज्यातून पुढे जातोय’ म्हणणाऱ्यांसाठी १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं कवच आहे, पण अटींसह. निघता ते आणि पोहोचता ते, दोन्ही ठिकाणी शस्त्र कायदेशीर हवं. ते रिकामं आणि डिकीत हवं. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि डॅशबोर्डमधला ग्लोव्ह बॉक्स ही पेटी धरली जात नाही. पण मध्ये मुक्काम पडला की हे कवच पातळ होतं. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर पुढचं विमान चुकलेल्या युटा राज्यातल्या एका प्रवाशाने बॅग हॉटेलवर नेली, दुसऱ्या दिवशी विमानतळावर नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केलं आणि अटक ओढवून घेतली. २०१० मध्ये अपील कोर्टानेही त्याच्या बाजूने कौल दिला नाही: रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती ना! चूक विमानाची, तुरुंग माणसाला. कायदा दुरुस्त व्हायला हवा तो इथे.

म्हणून टेक्सासातही मी ऐच्छिक परवाना काढायलाच सांगतो. शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल गाडीत असेल, तर केंद्रीय कायद्यातली सूट परवानाधारकालाच मिळते, तीही परवाना देणाऱ्या राज्यातच.

आता एच-वन-बी, एल-वन, एफ-वन वाल्यांसाठी, म्हणजे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी. तुमच्या व्हिसावर बंदूक विकत घेणंच नव्हे, जवळ बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे, मग राज्य कितीही मोकळं असो. नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स. त्याची मुदत संपली की त्याच दिवशी तुमची बंदूक बेकायदा. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणं हेही ‘बाळगणं’च धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना खरेदी करता येते, पण शस्त्रगुन्हा सिद्ध झाला तर कार्ड असूनही परत पाठवू शकतात.