फुकटचा फास्टपास बरा होता

राइडची वेळ आधी आरक्षित केल्यामुळे थीम पार्कमधल्या रांगा घटतात, हे एका लेखातलं विधान काही पटलं नाही. राइडमध्ये तासाला जितकी माणसं मावतात तितकीच मावणार. ॲपवर वेळ घेतली म्हणून डबे वाढत नाहीत. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास (आधी वेळ घेऊन वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायची सोय) आणला तेव्हा तो निदान फुकट होता. अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांत २०२१ पासून त्याच सोयीचे पैसे मोजावे लागतात. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे पासवाल्यांना आधी सोडतात, आणि साध्या रांगेतली पोरं नुसती बघत उभी. (व्हीआयपी दर्शनाची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं नाही म्हणा!) त्यापेक्षा एकट्या माणसांची वेगळी रांग उत्तम. रिकामी जाणारी एखादी सीट भरते, म्हणजे खरोखरच जास्त लोक बसतात.