पाणी न घालण्याचा उद्योग

निवडुंग हे आळशी माणसाचे झाड आहे, असे सांगणाऱ्यांनी एकतर कधी मनापासून आळस केलेला नसावा किंवा निवडुंग तरी लावलेला नसावा. आळशी मनुष्य पाणी घालायला सहज विसरतो. निवडुंगवाल्याला मात्र पाणी न घालण्याची रोज आठवण ठेवावी लागते, आणि हे काम फार दमवणारे आहे.

माझ्याकडे आहे तो मॅमिलेरिया नावाचा गोल निवडुंग, मुठीत मावेल एवढा (मावतो की नाही, हे प्रयोगाने ठरवू नये). त्याचे बहुतेक भाईबंद मेक्सिकोतले. तिकडच्या कोरड्या मुलखात पाऊस थोडे दिवस येतो, पण आला की माती भिजवून जातो, आणि मग दीर्घकाळ तोंड दाखवत नाही. म्हणून नियम असा, की पाणी घालायचे ते कुंडीच्या तळातून वाहेपर्यंत घालायचे आणि नंतर माती पूर्ण वाळेपर्यंत कुंडीकडे ढुंकूनही पाहायचे नाही. हा नियम घरातल्या दयाळू मंडळींना क्रूर वाटतो. माझी पाठ वळली की कोणीतरी "बिचारा तहानला असेल" म्हणत चमचाभर पाणी घालून जाते. त्याने वरची माती ओली होते, मुळांपर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि पुण्य मात्र घालणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

माती आतून वाळली की नाही, हे वरून दिसत नाही. त्यासाठी मी लाकडी काडी खुपसून पाहतो किंवा कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेतो. डोळे मिटून कुंडी तोलत उभ्या असलेल्या माणसाविषयी पाहुण्यांचा काय समज होतो, ते मी विचारलेले नाही.

खरा छळ आहे तो या वनस्पतीच्या निर्विकारपणाचा. इतर झाडे माना टाकतात, पाने पिवळी करतात, निदान तक्रार तरी करतात. निवडुंगाने पाने केव्हाच काट्यांच्या रूपात निकालात काढली आहेत आणि हवेची देवाणघेवाण करणारी रंध्रेही तो मुख्यतः रात्री उघडतो, म्हणजे दिवसा त्याच्याकडून कसलीही बातमी मिळायची नाही. जास्त पाण्याने मुळे कुजली, तरी वरचा हिरवा गोळा बराच काळ तसाच प्रसन्न दिसतो, आणि बुंधा मऊ लागेपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलेले असते. त्यात पिठ्या ढेकूण नावाची झाडावरची कीड अंगावर पांढरा कापूस घेऊन फिरते, आणि मॅमिलेरियाच्या अंगावरच्या उंचवट्यांच्या बेचक्यांतही निसर्गतःच पांढरी लव असते. यातली झाडाची लव कोणती आणि शत्रूची कोणती, याचा निकाल लावण्यासाठी मी भिंग घेऊन काट्यांच्या इतक्या जवळ जातो, की पुष्कळदा तो निकाल नाकावर लागतो.

आता फुलांविषयी. काही विक्रेते निवडुंगाच्या शेंड्यावर वाळवलेले रंगीत फूल डिंकाने चिकटवतात. या वाळल्या फुलाच्या पाकळ्या दमट हवेत मिटतात आणि कोरड्या हवेत उघडतात; त्यामुळे घेणाऱ्याची ते जिवंत असल्याबद्दल पक्की खात्री पटते. मॅमिलेरियाचे खरे फूल असे ऐन मध्यावर मुकुटासारखे बसत नाही. शेंड्याच्या थोडे खाली, मागच्या हंगामातल्या वाढीवर, बेचक्यांतून फुलांचे कडे उमलते. पण चिकटवलेले फूल बारमाही असल्यामुळे ते बाळगणारे लोक माझ्या कुंडीकडे पाहून "तुमच्याला अजून येत नाही का?" असे सहानुभूतीने विचारतात.

येण्यासाठी हिवाळा पाळावा लागतो. भरपूर उजेड, 5 ते 10 अंश सेल्सिअसची थंडी आणि जवळजवळ कडकडीत उपास, असा विश्रांतीचा काळ मिळाला तर कळ्यांची आशा. उबदार खोलीत वर्षभर पाणी पाजले, तर तो नुसताच वाढतो. उजेड कमी पडला की शेंडा निमुळता होऊन लांबतो, आणि त्या दयेने एकदम कडक उन्हात नेला की कातडी भाजून जो डाग पडतो तो कायमचा. म्हणून वसंतात मी कुंडी रोज थोडी थोडी उन्हाकडे सरकवत असतो.

एवढे सगळे न करून झाल्यावर यंदा गुलाबी कडे उमलले आणि काही दिवसांत सुकले. पुढे काही महिन्यांनी त्याच बेचक्यांतून लाल, लांबट फळे वर आली, फळांत बारीक बिया निघाल्या, आणि त्या पेरण्याचा मोह मला आवरला नाही. रोपांचा कायदा मात्र थोरल्यांच्या नेमका उलटा असतो. पहिले काही महिने त्यांची माती कोरडी पडता कामा नये, हवा दमट हवी, वर पारदर्शक झाकण हवे, आणि इतके करून वर्षअखेरीस ती फार तर वाटाण्याएवढी होतात. त्यामुळे सध्या एकाच खिडकीत एका कुंडीला पाणी न घालण्याची आणि शेजारच्या पेटीला ते चुकू न देण्याची अशा दोन नोकऱ्या मी करतो आहे. चमचा घेऊन येणाऱ्या दयाळू मंडळींच्या हाती मी फवारणीची बाटली देऊन त्यांना पेटीकडे वळवले, तर ती म्हणतात, एवढ्याशा रोपांना रोज पाणी घातले तर कुजतील ना!